पाटी, ग्रंथ आणि संगणक



शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलाच्या हाती विद्या येई ती पाटीच्या रूपाने. आधी धूळपाटी, मग दगडी पाटी आणि पेन्सिल. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. ग्रंथ पुढे येई, आणि तो बहुधा ग्रंथालयाचा असे. पाटी लिहिण्यासाठी आणि ग्रंथ वाचण्यासाठी, ही वाटणी पिढ्यानपिढ्या चालत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दोन्ही साधने एकाच वस्तूत आणण्याची खटपट सुरू झाली. त्या वस्तूला आज जग 'टॅब्लेट' म्हणते. हा शब्दही मुळात लिहिण्याच्या लहान फळीचाच वाचक होय. तिची कथा ग्रंथालयात सांगणे अप्रस्तुत ठरू नये, कारण तिच्या कल्पनेच्या मुळाशी एका ग्रंथप्रकाशकाची आठवण आहे.

१९६८ मध्ये ॲलन के नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकाने सेमूर पेपर्ट यांचे कार्य पाहिले. तेथे लहान मुले 'लोगो' या सोप्या संगणकभाषेत स्वतः आज्ञावल्या लिहीत होती. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापणारे यंत्र. परंतु मुलांचे साधन मुलांना काखोटीला मारून नेता आले पाहिजे, हे के यांच्या मनाने घेतले. त्यांनी पुठ्ठ्याची एक प्रतिकृती केली आणि वजन किती असावे याचा अंदाज यावा म्हणून तिच्यात शिशाच्या गोळ्या भरल्या. १९७२ मध्ये, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना, त्यांनी 'डायनाबुक' या नावाने ही कल्पना एका निबंधात मांडली. वहीएवढा, बालकाला पेलणारा, वाचता येईल, लिहिता येईल आणि ज्यात स्वतःची निर्मिती करता येईल असा हा संगणक होता.

के यांच्यापुढे आदर्श होता तो व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसचा. १५०१ मध्ये आल्डुसने व्हर्जिलचे काव्य लहान आकारात छापले आणि मेजावर पसरून वाचावयाचा जाडजूड ग्रंथ प्रवाशाच्या सामानात आला. छपाईचा शोध त्यापूर्वी सुमारे अर्धशतक लागलेला होता. आल्डुसने ग्रंथ सुटसुटीत केला. संगणकालाही असा आल्डुस हवा होता.

कल्पना आणि वस्तू यांमध्ये मात्र अडतीस वर्षांचे अंतर पडले. तुकडे विखुरलेले होते. १९६४ मध्ये रँड संस्थेने तांब्याच्या बारीक तारांचे जाळे असलेली लेखनपाटी तयार केली होती. तिच्यावर लेखणी फिरवली की तिचे स्थान संगणकाला कळे. १९६५ मध्ये इंग्लंडमधील माल्वर्नच्या रडार संशोधनसंस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि पातळ पडदा, दिवसभर पुरणारी विद्युत्‌घटमाला आणि थोड्या विजेवर चालणारा प्रक्रियक या तीन गोष्टी अजून दूर होत्या.

पुढचा काळ लेखणीचा. १९८९ मध्ये ग्रिड कंपनीने 'ग्रिडपॅड' बाजारात आणला. त्याचे वजन दोन किलोच्या आसपास आणि किंमत दोन हजार डॉलरांहून अधिक असल्यामुळे तो कचेऱ्या आणि तपासनिसांपुरता राहिला. १९९३ मध्ये ॲपलने 'न्यूटन' आणला. मनुष्याचे हस्ताक्षर यंत्राने वाचावे, ही त्याची प्रतिज्ञा होती. पण यंत्र शब्द भलतेच वाची, आणि त्याची इतकी थट्टा झाली की पुढील सुधारणाही त्याला वाचवू शकल्या नाहीत. १९९८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

ग्रिडपॅडचे जनक जेफ हॉकिन्स यांनी उलट मार्ग धरला. खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा ते बरोबर बाळगीत आणि तोच संगणक आहे असे समजून त्यावर टिपण केल्याचा अभिनय करीत. १९९६ मध्ये त्यांनी आणलेल्या 'पायलट'साठी 'ग्राफिटी' नावाची लिपी होती. तिची बहुतेक अक्षरे लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढावयाची असत. मोडी लिपी जाणणाऱ्या घराण्यांना यात नवल वाटू नये. कारकुनाचा हात थांबू नये म्हणून अक्षरांना मोड देण्याची युक्ती मराठी दप्तरांनी कितीतरी आधी केली होती. यंत्र मनुष्याची लिपी शिकत नव्हते, तेव्हा मनुष्यच यंत्राची लिपी शिकला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'टॅब्लेट पीसी' आणला. परंतु मेजावरच्या संगणकाची आज्ञाप्रणाली लेखणीच्या टोकावर तोलण्याचा तो प्रयत्न जड आणि महाग ठरला.

याच सुमारास बेंगळुरूमध्ये एक निराळाच विचार आकार घेत होता. भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी 'सिम्प्युटर' रचला. २००१ मध्ये त्याचा नमुना जगापुढे आला. हातात मावणारा, स्पर्शाने चालणारा आणि भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवू शकणारा हा संगणक निरक्षरालाही उपयोगी पडावा अशी इच्छा होती. परंतु त्यातील खरी नवलाई एका छोट्या स्मार्ट कार्डाच्या फटीत होती. सिम्प्युटर गावाचा असावा आणि कार्ड प्रत्येकाचे स्वतःचे. ज्याने कार्ड घातले त्याचा तो संगणक, त्याचे काम झाले की दुसऱ्याचा. ग्रंथालयाच्या सभासदाला ही योजना समजावून सांगावी लागत नाही. ग्रंथ संस्थेचे, पत्रक सभासदाचे, हीच ती व्यवस्था. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो विक्रीस आला, पण खप काही हजारांपलीकडे गेला नाही. साधन वाटून घेण्याचा विचार उत्तम होता. ते गावोगाव ठेवून चालविणाऱ्या संस्था मात्र कोणी उभ्या केल्या नाहीत.

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी 'आयपॅड' दाखविला. वजन सुमारे सातशे ग्रॅम, किंमत ४९९ डॉलरांपासून पुढे. एप्रिलमध्ये विक्री सुरू झाल्यावर महिन्याभरात दहा लाख नग खपले. याचे रहस्य कोणत्याही एका शोधात नव्हते. लेखणी वगळून बोटाला प्रमाण मानले गेले. काचेखाली दुर्बल विद्युत्‌क्षेत्र असते. बोट जवळ येताच ते बदलते आणि एकाच वेळी अनेक बोटांची जागा समजते. आज्ञाप्रणाली मेजावरच्या संगणकाची नव्हती, ती फोनची होती. प्रक्रियक थोड्या विजेवर चालणारा, म्हणून एका भारात दहा तास काम. आल्डुस शेवटी भेटला, असे पुष्कळांना वाटले.

भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटचे प्रकाशन झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. पहिल्या आकाशचा पडदा दाबाने चालणारा, त्यामुळे बोट रुतवावे लागे. गतीही मंद होती. पुढे हे काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारलेली आवृत्ती निघाली. तरीही योजना काही वर्षांतच विरून गेली. वस्तूची किंमत उतरविता आली. पण तिच्याभोवती शिक्षक, मातृभाषेतील मजकूर आणि दुरुस्तीची सोय उभी राहिल्यावाचून स्वस्त वस्तूही महाग पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. ही पाटी कोणाची? जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याला त्या विकण्याचा हक्क नव्हता, हे खरे. पैसेही परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने क्षमा मागितली. परंतु विकत घेतलेला ग्रंथ रातोरात कपाटातून नाहीसा होऊ शकतो, हे वाचकाला त्या दिवशी कळले. २०१० मध्ये मुलांनी 'स्क्रॅच' या भाषेत रचलेल्या कृती आयपॅडवर पाहण्याचे साधन ॲपलने आपल्या दुकानातून काढले. स्क्रॅच ही पेपर्ट यांच्याच परंपरेतील भाषा. ज्या मुलांना निर्मिती करता यावी म्हणून के यांनी पुठ्ठ्यात शिशाच्या गोळ्या भरल्या होत्या, त्यांच्याच निर्मितीला त्या पाटीवर तूर्त जागा उरली नाही. पाटी हाती आली. तिच्यावर काय लिहावे आणि काय पुसावे, हे ठरविणारा हात मात्र दुसऱ्याचा राहिला.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण केले आणि ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या होत्या. ग्रंथांनी भरलेली पेटी खेड्यात जाई, वाचली जाई, परत येई आणि दुसऱ्या गावी निघे. ती पेटी म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीची फिरती विद्याच होय. तिला वीज लागत नव्हती. लागत होता तो पेटी पाठविणारा, उघडणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस.

टॅब्लेटच्या इतिहासातून ग्रंथालयाने घ्यावयाचा बोध हाच आहे. नव्या पाटीला घाबरण्याचे कारण नाही; पडद्यावर मोठी होणारी अक्षरे मंद दृष्टीच्या वृद्ध वाचकाला वरदान आहेत आणि दुर्मिळ ग्रंथाची प्रत दूरच्या अभ्यासकाला घरबसल्या वाचता येते. परंतु सिम्प्युटर मागे पडला तो संस्थेच्या अभावी आणि आकाश विरला तो सोयींच्या अभावी. शंभर वर्षे ग्रंथ राखून ते सर्वांना वाचावयास देणाऱ्या संस्थेपाशी हेच भांडवल आहे. साधने बदलत राहतील. ते सर्वांचे ठेवणे, सांभाळणे आणि पुढच्याच्या हाती सोपविणे, हे काम मात्र ग्रंथालयाचेच राहील.