सलमाबादच्या अंगणातलं सफरचंद

सलमाबाद म्हटलं की गॅरेज, वर्कशॉप आणि पत्र्याच्या शेड डोळ्यांसमोर येतात. तिथे मी सफरचंद लावलंय म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "फळ लागलं का?" आज त्याचं खरं उत्तर देतो.

सुरुवात मुलीच्या डब्यातल्या सफरचंदाच्या बीपासून झाली. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलेली बी रुजली, रोप वीतभर झालं. जुलैत आम्ही सुट्टीला साताऱ्याला निघालो. मी आयटीवाला, म्हणून पाण्याला टायमर लावला. परत आलो तर टायमरचा सेल संपलेला आणि कुंडीत वाळकी काडी. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, शेजारच्या काकूंना का नाही सांगितलं?" एमबीएला रिस्क मॅनेजमेंट शिकलेल्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं.

मग नीट अभ्यास केला. बीपासून आलेलं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही, म्हणून कलमच घ्यावं. दुसरी अडचण थंडीची. सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते. डोंगराळ भागातल्या नेहमीच्या जातींना त्यासाठी साधारण ७ अंशांखालचे हजारभर तास लागतात. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा १४-१५ च्या आसपास!

पण कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत. इस्रायलची 'ॲना', बहामाची 'डॉर्सेट गोल्डन' आणि आपली 'एचआरएमएन-९९'. ही शेवटची हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने शोधली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ॲना लावलीत तर परागीभवनासाठी डॉर्सेट गोल्डन जवळ हवी.

थंडीच नसेल तर? इंडोनेशियातल्या बाटूचे शेतकरी झाडाची सगळी पानं हातांनी खुडतात. झाड फसतं आणि नव्याने फुलतं. मीही डिसेंबरअखेर पाणी कमी करून पानं काढतो. त्या दिवशी घरात सगळे माझ्याकडे संशयाने बघतात.

बाकी काळजी मात्र उन्हाळ्याचीच. कुंडी मोठी, किमान दोन फूट रुंद, तळाला भरपूर भोकं. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा, कारण ती भिंत रात्रीही तापलेली असते. मे ते सप्टेंबर वर शेडनेट हवंच. कडेला पांढरा थर दिसला तर ते क्षार. भरपूर पाणी ओतून ते खालून वाहून जाऊ द्या. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि रोप भारतातून बॅगेत लपवून आणू नका, इथल्या नर्सरीतून घ्या.

आता फळाचं. कलमाच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत अकरा फुलं आली. मुलीने रंगाच्या ब्रशने एकेका फुलाला परागकण लावले. दोन फळं धरली, एक गळालं. उरलेलं मोठ्या लिंबाएवढं झालं. त्याच्या चार फोडी केल्या. तीन आमच्या, चौथी शेजारच्या केरळी काकूंची, कारण आता सुट्टीत पाणी त्याच घालतात. चव आंबटच होती, पण मुलीने साल, गर, काही सोडलं नाही. बिया तेवढ्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या.