संथ होडीचं यंत्रशास्त्र

समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात मोटारहोडीवर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटलं तर ते स्वाभाविक आहे. पण इथून सुमारे ५० किलोमीटरवर पैठणचा नाथसागर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. धरण भरलं की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. १९८६पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, आणि आपल्या नळाला येणारं पाणीही तिथलंच. अशा पाण्यावर यांत्रिक होडी घालायची तर परवानगीचा प्रश्न पहिला, आणि तो नियमानेच सुटला पाहिजे. आज मी त्याच्या पुढच्या प्रश्नावर बोलणार आहे: परवानगीने पाण्यात उतरलेली होडी हवी तेवढी संथ चालेल कशी? माझं म्हणणं असं की, संथपणा पंख्याच्या आणि इंजिनाच्या निवडीतच असावा लागतो. मोठं इंजिन घेऊन नुसता थ्रॉटल मिटल्याने तो मिळत नाही.

चालत्या होडीमागे दोरी सोडून, तिच्या टोकाच्या गळाला खरं किंवा कृत्रिम आमिष लावून ते ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. कोकणात सुरमईसाठी ती वापरतात. सुरमई हा झपाट्याने पाठलाग करणारा मासा. तिच्यासाठी होडी तासाला ७ ते ११ किलोमीटर चालली तरी चालते. गोड्या पाण्याचं गणित निराळं आहे. नाथसागरातले रोहू, कटला, मृगळ हे मासे आमिषामागे धावणारे नव्हेतच. कटला प्लवकांवर जगतो, मृगळ तळ चाळतो. आमिष घेणार ते मरळ, शिंगाळा यांच्यासारखे मांसाहारी मासे, आणि त्यांच्यासमोरून आमिष तासाला २ ते ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीने गेलं पाहिजे. वेग वाढला की पाण्याच्या रेट्याने दोरी वर उचलली जाते, वजन लावलेलं आमिष तळ सोडतं, आणि ज्या खोलीवर मासा आहे तिथे ते पोचतच नाही. म्हणूनच मालवणच्या समुद्रात अगदी मंद ठेवून काम भागवणारं इंजिन पैठणला कामाचं ठरत नाही. तिथे त्याचा सर्वांत कमी वेगही जास्तच असतो.

हे आकड्यांनी पाहू. समजा, इंजिन थ्रॉटल पूर्ण मिटलेला असताना मिनिटाला ८०० फेरे फिरतं. गिअर निम्म्याने कमी करणारा असेल तर पंखा ४०० फेरे फिरेल. पंख्याचा पिच १३ इंच, म्हणजे घसरण नसती तर एका फेऱ्यात तो १३ इंच पुढे सरकला असता. तेव्हा मिनिटाला ५,२०० इंच, तासाला जवळजवळ ८ किलोमीटर. पाण्यातली घसरण वजा केली तरी पाच-सहा किलोमीटर उरतात. इंजिन बंद पडू न देता याहून खाली जाता येत नाही. इथे पुष्कळ जण न्यूट्रल आणि फॉरवर्डमध्ये गिअर टाकत-काढत राहतात. सरासरी वेग त्याने उतरतो खरा, पण आमिष एकदा बुडतं, एकदा उसळतं, आणि दर खेपेला गिअरच्या दातांना धक्का बसतो. क्वचित करायला हरकत नाही. दिवसभराची ती पद्धत होऊ शकत नाही.

पाण्याचं काय होतं, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. कार्ब्युरेटरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन इंधनाचा मोठा भाग न जाळताच बाहेर टाकतं. अगदी मंद फिरताना तेलमिश्रित इंधन आणखी अर्धवट जळतं, प्लग काळे पडतात, आणि बाकीचं एग्झॉस्टमधून थेट पाण्यात जातं. अमेरिकेतल्या ताहो सरोवरावर १९९९पासून अशा इंजिनांना बंदी आहे. तेही पिण्याच्या पाण्याचं सरोवर आहे. इतक्या अफाट जलाशयात दोन-चार होड्यांनी काय बिघडतं, असा आक्षेप येईल. होड्या मात्र जलाशयभर सारख्या पसरत नाहीत. काठालगत, गवताच्या उथळ भागातच त्या रेंगाळतात, आणि पक्षी व माशांची पिल्लंही तिथेच असतात. म्हणून फोर-स्ट्रोक इंजिन हा माझ्या मते ऐच्छिक भाग नव्हे.

हाताशी असलेल्या इंजिनावर उपाय आहेत. होडीच्या पुढच्या भागाला दोरीने बादली किंवा कापडी पिशवी बांधून पाण्यात सोडली की ओढ वाढते आणि वेग पडतो. वाऱ्यात होडीचं तोंडही भरकटत नाही. दोरी मात्र पंख्यापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड हवी. पंख्यामागे बसवायची बिजागरीची पाटीही मिळते. ती प्रवाह अडवते, पण सुकाणू जड करते, आणि पाटी वर न घेता थ्रॉटल उघडला तर वाकते. पिच ९ इंचांचा पंखा लावला तर मघाच्याच हिशेबाने वेग साडेपाच किलोमीटर येतो, घसरण धरून चारच्या आसपास. याची किंमत अशी की पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, म्हणून परतीच्या प्रवासात हात आवरावा लागतो. या सगळ्यांत पंखा बदलणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण इतर दोन उपायांत आधी शक्ती निर्माण करून मग ती वाया घालवली जाते.

उत्तम मार्ग दोन इंजिनांचा: जाण्यायेण्याला मोठं, कामाला छोटं विजेवरचं. संथ होडीला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा केला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. १२ व्होल्टची मोटार पूर्ण जोरात ५० अँपिअर घेत असेल, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरून ती तासभर चालेल. निम्म्या वेगाला त्याच विजेत हिशेबाने आठ तास मिळतात. प्रत्यक्षात थोडे कमी मिळतात, आणि रोधकाने वेग उतरवणारी जुनी मोटार हा फायदा उष्णतेत घालवते. खर्चाचा आक्षेप खरा आहे. एकट्या मच्छीमाराला दुसरं यंत्र परवडणार नाही. सहकारी संस्थेने चार-पाच मोटारी व बॅटऱ्या सामाईक ठेवल्या तर परवडू शकेल. वाऱ्याचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. जलाशयाची साठवण पसाऱ्याने भागली तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच भरते, आणि उथळ, उघड्या पाण्यात वारा सुटला की लाटा आखूड व उभ्या उठतात. अशा वेळी छोट्या मोटारीवर विसंबून राहू नये. म्हणूनच मोठं इंजिन काढून टाका असं मी म्हणत नाही. ते तयार हवं, जॅकेट अंगात हवं, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी. सुरुवात करणाऱ्याने आधी बिनवाऱ्याच्या सकाळी थ्रॉटल मिटून मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहावा. धरणाच्या पाण्याला ओढ जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे दिसणारा आकडा होडीचा पाण्यातलाच वेग असतो. तो चारच्या आत असेल तर काहीच विकत घेऊ नये. सहा निघाला तर पहिला खर्च पंख्यावर करावा.