ऊन आणि ऊब : ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात गेलेले मोटारसायकलस्वार



देशांतराचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दुष्काळ, फाळणी किंवा नोकरीधंदा यांची चर्चा होते. आज मी ज्या देशांतराविषयी बोलणार आहे, ते यांपैकी कोणत्याच चौकटीत पुरतेपणी बसत नाही. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पाव शतकात दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे आपला देश सोडून ऑस्ट्रेलियात गेली. त्यांना काम हवे होते, घर हवे होते, मुलाबाळांना मोकळी जागा हवी होती. पण या सर्वांच्या जोडीला त्यांना ऊनही हवे होते. त्या उन्हाचा पारा सर्वांत जवळून वाचला तो मोटारसायकलवरून हिंडणाऱ्यांनी. आगगाडीतील किंवा मोटारीतील माणूस परका देश काचेतून पाहतो. मोटारसायकलस्वाराला तो अंगावर घ्यावा लागतो.

या विषयावरील लेखन मराठीत आणताना पहिली अडचण येते ती एका साध्या शब्दाची. इंग्रजीतील ‘वॉर्म’ हा एकच शब्द हवेला चालतो, अंथरुणाला चालतो आणि माणसाच्या स्वागतालाही चालतो. मराठीला मात्र निवड करावी लागते. सकाळचे कोवळे ऊन वेगळे, दुपारची काहिली वेगळी, घामाने जीव नकोसा करणारा उकाडा वेगळा आणि मायेची ऊब वेगळी. ऊन आकाशातून मिळते. ऊब माणसांकडून मिळते. ब्रिटनमधून निघालेल्या या लोकांना पहिल्या गोष्टीचे आश्वासन देण्यात आले होते. दुसरी त्यांना स्वतः मिळवावी लागली. माझ्या आजच्या बोलण्याचा सारांश एवढाच आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. युद्ध जिंकूनही ब्रिटन थकलेला होता. शहरांतील घरे बाँबहल्ल्यांत पडली होती. अन्नधान्यावरील नियंत्रण १९५४ सालापर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. १९४७ चा हिवाळा कमालीचा कडक गेला आणि कोळशाच्या टंचाईमुळे घरे व कारखाने दोन्ही गारठले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट विषारी धुके पाच दिवस ठाण मांडून बसले आणि त्यात हजारो माणसे दगावली. अशा काळात ऑस्ट्रेलियाच्या सरकारने प्रौढ माणसाला अवघ्या दहा पौंडांत, आणि मुलांना विनामूल्य, प्रवासाची सोय देऊ केली. ही योजना १९४५ साली आर्थर कॉलवेल या मंत्र्याच्या पुढाकाराने आकाराला आली. अट एवढीच होती की माणसाने निदान दोन वर्षे तेथे राहावे. त्याआधी परतायचे असेल तर प्रवासाचा खरा खर्च भरून द्यावा. जाणाऱ्यांना ऑस्ट्रेलियन लोक थट्टेने ‘टेन पाउंड पॉम’ म्हणू लागले आणि पुढे ते नाव इतिहासात रूढ झाले. जहाजाचा प्रवास पाच-सहा आठवड्यांचा असे. कोलंबोला, आणि काही जहाजांच्या बाबतीत मुंबईलाही, मुक्काम पडे. आपण सोडून आलेली थंडी आता मागे राहिली, ही जाणीव कित्येकांना प्रथम आपल्याच समुद्रात झाली असेल.

काहींच्या बाबतीत ऊन हे औषधच होते. वेल्समधील बॅरी या गावी १९६१ साली जन्मलेल्या ज्युलिया गिलार्ड यांना लहानपणी छातीचा विकार होता. उबदार हवेत मुलीला बरे वाटेल, असा सल्ला मिळाल्यावर त्यांचे कुटुंब १९६६ साली अॅडिलेडला गेले. त्याच गिलार्ड २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान झाल्या.

या योजनेची दुसरी बाजू आपण भारतीयांनी विसरता कामा नये. दहा पौंडांचे ते तिकीट आपल्यासाठी नव्हते. १९०१ च्या कायद्यापासून ऑस्ट्रेलियाने गोरेतर माणसांना दार जवळजवळ बंद ठेवले होते. ते १९६६ नंतर किलकिले झाले आणि १९७३ साली व्हिटलॅम सरकारने वर्णभेदाचे धोरण संपुष्टात आणले. ज्या भूमीवर नवे रस्ते आखले गेले, तेथे आदिवासी समाज हजारो वर्षांपासून नांदत होते. रस्ता आखताना त्यांना कोणी विचारले नव्हते. मोकळ्या रस्त्याच्या आनंदाविषयी बोलताना तो रस्ता कोणाला मोकळा होता, हेही सांगितले पाहिजे.

आता मोटारसायकलकडे वळू. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ती चैनीची वस्तू नव्हती. बी.एस.ए., ट्रायंफ, नॉर्टन ही नावे कामगारवस्तीत घरोघरी माहीत होती. बाजूला साइडकार जोडून बायकामुलांसह समुद्रकिनारी जाणे, ही कित्येक कुटुंबांची सुट्टीची कल्पना होती. १९५९ साली ‘मिनी’ ही छोटी मोटार आली आणि अशा कुटुंबांच्या डोक्यावर हळूहळू छप्पर आले. त्यांनी ते आनंदाने स्वीकारले यात नवल नाही. हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या त्वचेला गोठणबिंदूच्याही खालची थंडी जाणवते. बोटे बधिर होतात, ब्रेकची मूठ दाबली की नाही हे कळेनासे होते आणि मानेवरून शिरलेले पावसाचे पाणी पाठीवरून ओघळत राहते. अंग चोरून गाडी चालविणे ही तेथील स्वाराची सवयच होऊन बसते.

अशा माणसाला ऑस्ट्रेलियाने काय दिले? पर्थ शहरात वर्षाकाठी तीन हजारांहून अधिक तास सूर्यप्रकाश असतो; लंडनमध्ये तो दीड हजार तासांच्या आसपास असतो. मात्र पाऊस मोजला तर निराळे चित्र दिसते. सिडनीत वर्षभरात लंडनच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. फरक पडण्याच्या रीतीत आहे. लंडनचा पाऊस दिवसभर रेंगाळतो. सिडनीचा पुष्कळदा जोराने कोसळतो आणि मग आकाश मोकळे करतो. भिजलेला स्वार तासाभरात वाऱ्यावर वाळतो. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पाट्या इंग्रजीत असतात. त्यामुळे नवख्याला वाटते की हा आपलाच देश आहे, फक्त कोणीतरी त्यावर दिवा लावला आहे.

हा भ्रम रस्ताच दूर करतो. ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग थंड आहे, टास्मानियाच्या डोंगरांवर बर्फ पडते, हे कळायला एक हिवाळा पुरतो. अंतर म्हणजे काय, हे कळायला नलारबोरचे पठार पार करावे लागते. या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘जेथे झाड नाही’ असा आहे. त्यावरून जाणाऱ्या एअर महामार्गाचे डांबरीकरण १९७६ साली पूर्ण झाले. त्यात एक टप्पा असा आहे की सुमारे १४६ किलोमीटरपर्यंत रस्त्याला एकही वळण नाही. इंग्लंडच्या वळणावळणाच्या गल्ल्यांत हात बसलेल्या माणसाला तेथे हाताने करायचे असे काही उरत नाही. सगळी परीक्षा मनाची होते. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून जाणता स्वार सूर्य कलण्याच्या आत मुक्काम गाठतो. समोरून पन्नास मीटरहून लांब, अनेक डब्यांची मालमोटार येते आणि तिच्या मागचा वारा गाडी बाजूला ढकलतो.

सर्वांत मोठा धडा उष्णतेचा. वाऱ्याने अंग थंड होते, हा ब्रिटनमध्ये रुजलेला अनुभव. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून वर गेले की वारा उलट अंगाला तापवू लागतो. घाम तर इतक्या वेगाने सुकतो की तो आला होता हेच कळत नाही, आणि शरीरातील पाणी नकळत कमी होत जाते. अशा वेळी सदरा काढून वाऱ्याला अंग देणारा नवखा लवकर थकतो. जाड कोट अंगात ठेवून, आतला कपडा ओला करून, तासातासाला पाणी पिणारा अनुभवी माणूस सुखरूप पोहोचतो. राजस्थानात किंवा विदर्भात उन्हाळा काढलेल्या आपल्यापैकी कोणालाही हे नव्याने सांगायला नको. आपल्याकडचा शेतकरी मे महिन्यात डोके-कान बांधूनच घराबाहेर पडतो. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या ‘ऊन खाण्यासाठी’ आसुसलेल्या होत्या, त्यांना उन्हापासून अंग झाकायला शिकावे लागले. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी आहे. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, असे लोकांना शिकविणारी मोठी मोहीम सुरू झाली, ती उगाच नव्हे.

मोकळेपणा आणि शिस्त यांचे नाते शिरस्त्राणाच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. अरबस्तानातील कामगिरीमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथला. म्हणजे हे उलट दिशेचे देशांतर. युद्धकाळात सैन्यातील निरोप्ये मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने मरत असल्याचे पाहून केर्न्स यांनी डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. नागरी जीवनात मात्र अशी सक्ती करण्यात व्हिक्टोरिया राज्य पुढे होते. तेथे ती १९६१ साली आली. ब्रिटनमध्ये ती येण्यास १९७३ साल उजाडले. केसांतून वारा खेळवीत जाण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या माणसाला, त्याच्या मायदेशाने अजून मागितली नव्हती अशी शिस्त नव्या देशाने आधी मागितली.

मग आनंद कोठे होता? तो होताच, आणि तो खोटा नव्हता. व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याने जाणारा ग्रेट ओशन रोड पाहा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ १९१९ ते १९३२ या काळात तो खोदला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, अंगावर मोकळे ऊन आणि गाडीचा संथ लयीतला आवाज. या क्षणी अंग चोरण्याची सवय सुटते. खांदे सैल होतात. पुष्कळांनी देश सोडला तो कदाचित एवढ्यासाठीच.

तरीही जवळजवळ एक चतुर्थांश माणसे परत फिरली. कोणाला आईवडील आठवले, कोणाला निर्वासितांसारख्या पत्र्याच्या अर्धगोल वसतिगृहांतील राहणी सोसली नाही, कोणाला टोमणे सोसले नाहीत. ऊन होते, ऊब नव्हती. गंमत अशी की परत गेलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा ऑस्ट्रेलियाला आले. मायदेशी गेल्यावर आपण आता तेथलेही राहिलो नाही, हे त्यांना उमगले असावे. जे टिकले, त्यांना ऊब मिळाली ती लहानसहान प्रसंगांतून: रस्त्यात बंद पडलेल्या गाडीजवळ थांबणाऱ्या अनोळखी स्वाराकडून, पुढच्या गावात पाणी केव्हा मिळेल हे सांगणाऱ्या पेट्रोलपंपवाल्याकडून. नाव-गाव न विचारता केलेली मदत ही दूरच्या रस्त्यांवरची रीत आहे, आणि नवागताला त्या रीतीत वाटा मिळाला की तो त्या देशाचा होऊ लागतो.

माणसांप्रमाणे यंत्रेही देशांतर करतात. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीची ‘बुलेट’ १९५५ साली मद्रासला आली. प्रथम तिचे भाग आणून येथे जोडणी होई; काही वर्षांत ते सर्व भाग येथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि पाठोपाठ ब्रिटनमधील तिचे उत्पादनही थांबले. मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली आणि १९७७ साली ती येथून ब्रिटनला निर्यात होऊ लागली. ती टिकली, कारण येथल्या कारागिरांच्या हातांनी तिला आपली मानले. उष्ण हवेत ती जगली हे खरे. पण तिला जगविले ते हवेने नव्हे.

आज ऑस्ट्रेलियाचे दार आपल्या लोकांनाही उघडे आहे. तेथील २०२१ च्या जनगणनेनुसार जन्मस्थानांच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यानंतर भारताचा क्रमांक लागतो. आपल्यापैकी पुष्कळांची बिऱ्हाडे महाराष्ट्राबाहेर, काहींची मुले देशाबाहेर आहेत. त्यांना पत्र लिहिताना आपण ‘तिकडची हवा कशी आहे?’ असे विचारतो. हवेची चौकशी अवश्य करावी. मात्र वाटेत गाडी बंद पडली तर थांबणारे कोणी आहे ना, आणि आपले मूल दुसऱ्यासाठी थांबते ना, हेही विचारावे. त्या उत्तरावरून त्याचे बिऱ्हाड तेथे लागले की नाही, ते कळेल.