पूरसंरक्षक काम मंजूर झाले, म्हणजे नेमके काय झाले?



मागे एकदा पावसाळ्याच्या तोंडावर करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावी गेलो होतो. पारावर बसलेले एक आजोबा मला म्हणाले, "सायेब, आमच्या गावची पूरभिंत मंजूर हून लई दिस झालं. आमी पेढं बी वाटलं. पर भिंत कुठं हाय ती दावा की." मला चटकन उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो, कारण चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत गावोगाव हाच प्रश्न विचारला जातो.

आधी पाण्याचे बोलू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. डोंगरातून हे पाणी धावत येते आणि कोल्हापूरच्या खाली सपाटीला लागले की रेंगाळते. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तळे भरले की आपोआप उघडतात. एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरते. खाली नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असली, तर पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरायला जागाच राहत नाही. मग ते मागे सरते आणि आपल्या उसात उभे राहते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता बंद पडला, हे आपण विसरलेलो नाही.

असे झाले की सरकारने काहीतरी करावे, असे आपण म्हणतो. ते बरोबरच आहे. आपल्या घटनेप्रमाणे नदीचे बांध आणि पाण्याचा निचरा हा राज्याचा विषय आहे. म्हणजे पहिली जबाबदारी मुंबईची, दिल्लीची नंतर. केंद्राचा पूरव्यवस्थापनाचा कार्यक्रम आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यात आपल्यासारख्या राज्यांना खर्चाच्या ६० टक्के मदत ठरली होती. पण उरलेला पैसा राज्याला घालावाच लागतो.

आता त्या आजोबांच्या भिंतीकडे येऊ. काम मंजूर झाले असे वर्तमानपत्रात येते, तेव्हा बहुधा त्याला प्रशासकीय मान्यता मिळालेली असते. म्हणजे एवढ्या खर्चाचे हे काम करण्यास शासनाची हरकत नाही. पुढे सविस्तर अंदाजपत्रक होते, त्याला तांत्रिक मान्यता लागते, अर्थसंकल्पात तरतूद लागते, मग निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता म्हणजे साखरपुडा. तरतूद झाली म्हणजे मुहूर्त निघाला. आपण साखरपुड्यालाच जेवणावळ घालून मोकळे होतो. आणि तरतूद झाली तरी ती किती, हे बघावे लागते. काही कोटींच्या कामाला पहिल्या वर्षी नुसती नावापुरती रक्कम ठेवलेली असते. काम रखडते, दरसूची बदलते, किंमत वाढते आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी कागद पुन्हा वर जातो. आजोबांची भिंत अशीच कुठेतरी फायलीत उभी असते.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेत १९२७ साली मिसिसिपी नदीला मोठा पूर आला. १९२८ आणि १९३६ साली त्यांनी पूरनियंत्रणाचे कायदे केले. तिथेही कामाला अधिकार देणारा कायदा वेगळा आणि पैसा देणारा ठराव वेगळा. अधिकार मिळून वर्षानुवर्षे पैशाची वाट बघत बसलेली कामे त्यांच्याकडेही आहेत.

२०१९ च्या पुरानंतर शासनाने श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. आलमट्टीच्या फुगवट्यापेक्षा थोड्या दिवसांत कोसळलेला अफाट पाऊस आणि पात्रातले अडथळे यांवर समितीने बोट ठेवले. आपल्याकडे पुष्कळांना हे पटले नाही, आणि आलमट्टीची उंची वाढवायला आपला विरोध आहे तो आहेच. पण रस्त्यांचे भराव, अरुंद मोऱ्या, पात्रात सरकलेले बांध, ओढ्यात टाकलेला मुरूम, हे काही कर्नाटकाने आणून टाकलेले नाही. त्यातले काही आपल्याच हातचे आहे.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाचा कार्यक्रम पुढे आला. सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा हा आराखडा, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा. पुराचे जादा पाणी भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी भागाकडे वळवण्याची कल्पना त्याच्याशी जोडलेली आहे. आकडा मोठा वाटतो, पण तो कोल्हापूर-सांगलीच्या सगळ्या कामांचा मिळून आहे. आणि कर्ज म्हटले की फेड आलीच. म्हणून कुठल्या गावाला काय येणार, हे आत्तापासून विचारले पाहिजे.

आणखी एक अवघड गोष्ट बोलतो. एका काठाला उंच भिंत घातली, की पाणी समोरच्या काठावर चढते. आपल्या गावाची भिंत शिरोळकडच्या भावाच्या रानात पाणी घालणार नाही ना, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारायला हवा. तसेच निळ्या आणि लाल रेषेचे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम आहे. रेषा आखली की जमिनीची किंमत पडते म्हणून आपण ओरडतो. पण रेषेच्या आत घरे वाढली, की उद्या भिंतीचा खर्च वाढतो आणि मंजुरी आणखी लांबते. नदीकाठच्या पट्ट्यात ऊस असू द्या, गुरांचा गोठा मात्र वर हलवा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाआधी निघाले की नाहीत, हे स्वतः जाऊन बघा. दोन बरगे अडकून राहिले तरी त्यांना झाडे-पालापाचोळा धरतो आणि पाणी तुंबते.

आता करायचे काय ते सांगतो. गावचे काम मंजूर आहे असे कुणी म्हणाले, तर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख मागा. त्यात कामाची किंमत आणि लेखाशीर्ष असते. मग पाटबंधारे कार्यालयात तीन गोष्टी विचारा: चालू वर्षाची तरतूद किती, तांत्रिक मान्यता झाली का, निविदा निघाली का. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पोहोच घ्यायला विसरू नका. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो आणि त्याची मागणी खालून थंडीतच वर जाऊ लागते. तेव्हा ग्रामसभेचा ठराव, पुराच्या पाण्याची खूण असलेल्या घरांची यादी आणि बुडालेल्या गटांचे नंबर दिवाळीच्या आत देऊन ठेवा. फेब्रुवारीत दिलेला ठराव बहुतेक वेळा पुढच्या वर्षाच्या ढिगात जातो.