बॅटरीवरचं विमान कुठवर जाईल?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईतल्या जुहूला उतरले. त्या विमानात इंधनाऐवजी बॅटरी असती तर? किलोभर विमान-इंधनात साधारण १२ हजार वॉट-तास ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम अडीचशे. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी, तरी ही दरी बुजत नाही. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी उतरतानाही तेवढीच जड! २०२० साली युरोपात प्रमाणपत्र मिळालेलं पिपिस्ट्रेल कंपनीचं विजेवरचं दोन आसनी विमान एका चार्जिंगमध्ये तासभरही उडत नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षणाला मात्र ते छान. उद्या जुहूहून अलिबागला विजेवरची हवाई टॅक्सी जाऊ शकेल. दिल्लीचं विमान अजून बरीच वर्षं इंधनावरच उडणार.