घरच्या साबणाचा हिशेब

(जिल्हा बैठकीत आमच्या गावच्या महिला गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून कुणी गावात आले की शिकवणार काय? पापड, लोणची, मेणबत्ती, साबण. आम्हीही शिकलो. दोन वर्षे केले, आणि आज त्याचा जमाखर्च मांडायला उभ्या आहोत.

मेणबत्तीचे लवकर आटोपते. तिचे मेण निघते खनिज तेलातून. ते आपल्या रानात पिकत नाही. शहरातून आणायचे, वितळवायचे, साच्यात ओतायचे आणि शहराच्याच मालाशी भावात टक्कर घ्यायची. दिवाळी सरली की गिऱ्हाईक नाही. आम्ही चार महिन्यांत साचे माळ्यावर टाकले.

साबणाचे तसे नाही. बांधावर करंज आहे. त्याच्या शेंगा उन्हाळ्यात गळतात आणि मातीत जातात. आणि आपण वाण्याकडून जी वडी आणतो तिच्यात बहुधा परदेशातून आलेले पाम तेल असते. तेव्हा आम्ही बिया वेचल्या, फोडल्या, घाण्यावरून तेल काढून आणले.

आमचे माप असे. खोबरेल ७०० ग्रॅम, करंज तेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १५५ ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. सगळे काट्यावर तोलून, वाटीने नाही. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. नुसत्या खोबरेलाला किलोमागे १७० ग्रॅम लागेल, करंजाला बराच कमी. सोडा जास्त झाला तर वडी अंग सोलते, कमी झाला तर तेलकट राहते. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. चूल न पेटवता पाणी उकळायला आल्यासारखे तापते. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे पातेले सोडा खातो. आमचे एक गेले. एका बहिणीच्या मनगटावर थेंब उडाला, त्याचा डाग अजून आहे. भरपूर पाण्याने लगेच धुतले म्हणून तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि पोरे अंगणाबाहेर.

दोन्ही निवले की सोड्याचे पाणी तेलात ओतून ढवळत राहायचे. डावाची रेघ वर उमटू लागली की साच्यात ओतायचे. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर वाळवायच्या. घाई केली की हाताची आग होते. एवढ्या मालात शंभर ग्रॅमच्या बारा-तेरा वड्या पडतात. करंजाचा वास थोडा उरतो, पण साबण चांगला होतो. कारखान्यात ग्लिसरीन बहुधा काढून वेगळे विकतात. आपल्या वडीत ते राहते.

आता हिशेब. पहिल्या वर्षी वहीत खोबरेल, सोडा आणि घाण्याची मजुरी लिहिली. वडी दुकानापेक्षा स्वस्त पडली. आम्ही खूश! मग गटातल्या एका आजीने विचारले, "बाई, करंज वेचायला गेलेले दिवस कुणाच्या खात्यावर?"

कुणाच्याच नव्हते. शेतमालाच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी धरलीच पाहिजे म्हणणारे आपण, आणि आमच्याच वहीत बाईचा दिवस फुकट! वेचणे, फोडणे, ढवळणे, कापणे अशी खुरपणीच्या रोजाने सगळी मजुरी लावली, आणि वडी दुकानापेक्षा महाग झाली. शिकवणाऱ्यांनी हे सांगितले नव्हते. अंगाला लावायचा साबण विकण्यासाठी बनवायचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, हेही नाही.

म्हणून विक्री आम्ही थांबवली. साबण थांबवला नाही. ज्या दिवसांत रानात काम नसते, रोज मिळतच नाही, तेवढ्याच दिवसांत करतो, आणि नऊ घरांना पुरेल इतकाच. काही बहिणींना हे पटलेले नाही. परवाना काढून, मजुरी धरून, भाव लावून विकू, असे त्या म्हणतात. तो वाद गटात चालू आहे.

मांडवाबाहेर बादलीजवळ चार वड्या ठेवल्या आहेत. विकायला नाहीत, हात धुऊन पाहा. शेजारी वही उघडी ठेवली आहे. कुठे मजुरी धरायची राहिली असेल तर पेन्सिलीने लिहून जा.