बालसखी, डाळ आणि आमचे बारा टॅब

(नाशिक येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. तरी एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनावर बोलायला उभा राहिलो, त्याचं कारण एक फजिती आहे, आणि ती माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोहल्ल्यात वर्गणी काढून अभ्यासिकेसाठी बारा टॅब घेतले. कल्पना माझी, गणिताचं अ‍ॅपही मीच निवडलं. अम्मीच्या ओळखीच्या एका खालांनी तेव्हाच विचारलं होतं, "बेटा, पोरांना वाचता येतं का ते पाहिलंस का?" मी हसून विषय बदलला. सहा महिन्यांत टॅब कपाटात गेले. पाचवीतल्या कित्येक मुलांना स्क्रीनवरचा प्रश्नच वाचता येत नव्हता.

यात लाजिरवाणी गोष्ट अशी की, माझ्या नोकरीत एखादं बटण हिरवं ठेवायचं की निळं, हे आम्ही अर्ध्या ग्राहकांना एक आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून, आकडे पाहून ठरवतो. बटणासाठी एवढी काळजी, आणि मुलांच्या शिक्षणासाठी नुसता अंदाज! डुफ्लो, अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते नेमक्या याच सवयीसाठी. गरिबी हटवण्याचा कोणताही उपाय आधी लहान प्रमाणात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत किंवा गावांत करून पाहायचा, जिथे केला नाही तिथल्याशी ताडून पाहायचं, मग बोलायचं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई निर्मला माहेरच्या पाटणकर. म्हणजे हे नोबेल थोडं आपल्याही घरचं आहे.)

त्यांचा एक गाजलेला प्रयोग मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला आहे. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं 'बालसखी' नावाचा कार्यक्रम काढला होता. तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडलीत, त्यांना रोज दोन तास वर्गाबाहेर बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवायची. शिकवणारी कोण? त्याच वस्तीतली शिकलेली मुलगी, दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेली, महिना पाचशे-साडेसातशे रुपयांवर. डीएड नाही, बीएड नाही. आता हा उपयोगी आहे का, हे तपासायचं कसं? काही शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, बाकीच्यांना चौथीसाठी. म्हणजे कोणतीही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, आणि तुलनेला तिसरीसमोर तिसरी मिळाली.

निकाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण पहिल्या वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी वाढ जवळपास दुप्पट होती, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात कच्च्या मुलांना झाला. वर्गात मागे उरलेल्या मुलांना मात्र गर्दी कमी होऊनही काही फरक पडला नाही. पट कमी करा, सगळं सुधारेल, असं आपण सहज म्हणतो ना? कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

आता माझ्या कामाचा भाग. वडोदऱ्यात सरकारनं शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते. बरेचसे वापराविना पडून! वाचताना मला आमचं कपाट आठवलं. मग तिथे आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, सोबत मदतीला माणूस, आणि मुलाच्या पातळीनुसार अवघड होत जाणारे गणिताचे खेळ, अशी व्यवस्था केली. गणित चांगलं सुधारलं. भाषेत फरक नाही. म्हणजे यंत्र निरुपयोगी नव्हतं. पण पैशाच्या हिशेबात बालसखी कितीतरी स्वस्त पडली.

आरोग्याचं एकच सांगतो. उदयपूर जिल्ह्यातल्या गावांत नियमित लसीकरण शिबिरं भरवली, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेली. शिबिरासोबत दर खेपेला एक किलो डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटं दिली, तर 39 टक्के. लोक लसीच्या विरोधात नव्हते, 'उद्या जाऊ' म्हणत होते. 2022 मध्ये आपल्या मालेगावात गोवर पसरला, तेव्हा 'हे लोक ऐकतच नाहीत' हे वाक्य मी ऑफिसातही ऐकलं आणि, खरं सांगायचं तर, आपल्याच लोकांकडूनही ऐकलं. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडते का, दवाखाना उघडा असतो का, की खरोखर अफवेची भीती आहे, हे घरोघर विचारल्याशिवाय कसं कळणार? उदयपूरची डाळ मालेगावात चालेलच असं नाही.

या पद्धतीवर टीकाही आहे. 2015 चे नोबेलविजेते अँगस डीटन म्हणतात की, एका ठिकाणचा प्रयोग दुसरीकडे लागू पडेल याची खात्री नसते. मला आणखी एक खटकतं. 2006 च्या सच्चर अहवालानं सांगितलं की, 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली. मदरशात जाणारी मुलं जेमतेम 3 टक्के. हे कोणत्याही प्रयोगातून आलेलं नाही, साध्या मोजणीतून आलं. आणि नाव ऐकून घर नाकारणाऱ्या मालकावर बालसखीचा इलाज नाही. ती लढाई वेगळी, ती चालूच ठेवावी लागेल. पण तोवर पाचवीतल्या मुलाला परिच्छेद वाचता येत नसेल, तर ते काम आपल्या हातातलं आहे.

आम्ही टॅब कपाटातून काढले नाहीत अजून. आधी प्रत्येक मुलासमोर अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट ठेवून कोण कुठे अडतं ते लिहून घेतोय. इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीप्रमाणे गट करणार आहोत. त्या खाला आता दर तपासणीला हजर असतात. पुढच्या रविवारी सकाळी दहाला दुसरी तपासणी आहे. मराठी वाचून घ्यायला दोघं मिळालेत, उर्दूसाठी अजून कोणी नाही. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.